हे गेले

विमा ऑफिसच्या मृत्यू-दावे विभागात हेडक्लार्कनी अर्धं आयुष्य काढलं होतं. नवरा गेल्यावर काउंटरवर येणाऱ्या बायका ते रोज बघत. काही रडत, काही नुसतं पेन मागत. आपली बायको कोणत्या गटात बसेल, या शंकेने त्यांना अलीकडे जेवण जात नव्हतं (म्हणजे जात होतं, पण चव लागत नव्हती).

तोंडावर विचारायची छाती नव्हती. म्हणून मुलीने वाढदिवसाला दिलेला पत्त्यांचा खेळ त्यांनी रविवारी दुपारी बाहेर काढला. खेळ दोघांचा. एकेक पत्ता उचलायचा आणि एका जोडप्याची गोष्ट पुढे न्यायची. भेट, लग्न, संसार. काळा पत्ता निघाला की दोघांतलं एक जाणार.

"हा कसला मेला खेळ," बायको म्हणाली. पण बसली.

हेडक्लार्कनी आपल्या पाळीला लग्नाची नोंदणी, वारसाचं नाव वगैरे चोख लावून घेतलं. गोष्टीला रंग चढायचा तो बायकोच्या पाळीला. नवऱ्याचं नाव घ्यायची तिला सवय नाही, त्यामुळे गोष्टीतला नवराही "हे"च. "हे सकाळी उठून चहा ठेवायचे. मला म्हणायचे, तू बस." आपण चहा कधी ठेवला होता, ते हेडक्लार्कना काही आठवेना. पण बायकोच्या बरं लक्षात आहे, म्हणून ते सुखावले.

काळा पत्ता बायकोनेच उचलला. "हे गेले," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

हेडक्लार्कना उभ्या संसारात एवढा आनंद झाला नव्हता. तिला उगी करायचं सोडून ते ऐकत बसले.

तेवढ्यात बेल वाजली. त्यांनी दार उघडलं. शेजारच्या वहिनी अनवाणीच धावत आल्या होत्या. "जरा बाजूला व्हा हो," म्हणत त्या हेडक्लार्कना ओलांडून आत घुसल्या आणि बायकोला मिठी मारून म्हणाल्या, "कधी गेले गं?" दार कोणी उघडलं, ते त्यांच्या मग ध्यानात आलं.

"अगं, खेळातले गेले," बायकोने नाक पुसत सांगितलं. "हे हे नाहीत. ते हे."

"मग त्यात एवढं रडण्यासारखं काय?"

"फार चांगले होते गं. ओला टॉवेल कधी पलंगावर टाकला नाही."

वहिनींनीही पदराने डोळे टिपले. "अशी माणसं राहत नाहीत गं," त्या म्हणाल्या.

हेडक्लार्क गुपचूप आतल्या खोलीत गेले, पलंगावरचा टॉवेल उचलला आणि दोरीवर वाळत घातला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा फारच उतरलेला असावा, कारण वहिनींनी त्यांना धीर दिला.

"तुम्ही काळजी करू नका भावोजी. तुम्हाला काही होत नाही."