दीड वेढा कमी

सहदेव परबच्या टेम्पोचं मागचं अंग इतकं खचलं होतं, की माल भरून भटवाडीचा चढ चढताना पुढचे दिवे समोरचा रस्ता सोडून दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांवर पडत. घाटकोपरच्या लादीवाल्याने त्याला एक दिवस सरळच सांगितलं, "सहदेव, एका खेपेत दीड टन नेणार असशील तर ये. नाहीतर मी दुसरी गाडी बघतो." गिरणी बंद पडल्यावर घेतलेला हा टेम्पो म्हणजे परबांच्या घरातला एकमेव कमावता. सहदेवने त्याच दुपारी कुर्ला गाठलं आणि गाडी धोंडिराम फिटरच्या दारात उभी केली.

धोंडिराम पाव तास गाडीखाली पालथा-उताणा होऊन बाहेर आला.

"तुझ्या गाडीला मागं पाटे न्हाईत, गुंडाळीच्या स्प्रिंगा हाईत. आन् त्या आता नुसत्या शोभंला उरल्यात."

मग त्याने भंगाराच्या ढिगातून कुठल्याशा मोठ्या गाडीच्या दोन स्प्रिंगा ओढून काढल्या. तार अंगठ्याएवढी जाड. सहदेवला त्या बघताक्षणी आवडल्या. अडचण एवढीच, की त्या चार इंच जास्त उंच होत्या. धोंडिरामने गॅस पेटवला आणि प्रत्येकीचा दीड वेढा कापून टाकला.

"कापल्यावर नरम पडणार नाहीत ना रे?" सहदेवने विचारलं.

"पडल्या तर बेसच की. लई कडक वाटत्यात मला."

इथे धोंडिरामचं गणित चुकलं. स्प्रिंगेचे वेढे कमी केले की ती नरम पडत नाही, उलट आणखी ताठरते. पण शनिवारी दीड टन लाद्या भरून टेम्पो मुलुंडला गेला तेव्हा हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. भार पुरेपूर होता, म्हणून गाडी एखाद्या राणीसारखी डौलात चालली. एक लादी तडकली नाही. घरी येऊन सहदेव बायकोला म्हणाला, "सुगंधा, गाडी नाय गो ती, पालखी आसा."

दुसऱ्या दिवशी पहाटे या पालखीला दह्याची ऑर्डर होती.

मुलुंडच्या विद्याधर कर्णिकांच्या मुलीचं, क्षमाचं लग्न होतं. मुलाची आई, बोरिवलीच्या जयंतीबाई, बोलणी चालू असताना सहज म्हणून गेल्या होत्या, की त्यांना दहीवडे फार आवडतात. तेव्हापासून कर्णिकांच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. जेवणात दहीवडे असतील असं त्यांनी व्याह्यांना पत्राने कळवलंसुद्धा होतं. जेवणाचं कंत्राट श्यामकांत जोगळेकरांकडे. त्यांनी शब्द दिला होता, "असं दही आणतो, की सुरीनं कापून वाढावं लागेल."

दही गोरेगावच्या एका गोठ्यात म्हशीच्या निखळ दुधाचं लावलं होतं. सहा कॅन, आणि झाकणाला साय चिकटू नये म्हणून प्रत्येकात वर चार बोटं जागा. पहाटे पाचला कॅन टेम्पोत चढले आणि त्यांच्यामागून जोगळेकरही चढले. त्यांचा दह्याच्या बाबतीत कोणावर विश्वास नव्हता.

दीड टनाची वाट बघत बसलेल्या स्प्रिंगांना सहा कॅन आणि एक जोगळेकर म्हणजे काहीच नव्हतं. त्या तसूभरही दबल्या नाहीत. आरे कॉलनीतला पहिला खड्डा आला आणि टेम्पोची मागची दोन्ही चाकं जमीन सोडून वर आली. पाठोपाठ केबिनच्या मागच्या खिडकीवर थापा पडल्या.

"अरे परब, गाडी चालवतोयस की उडवतोयस?"

"काका, गाडीला वजन कमी पडतंय."

"माझ्याहून जास्त वजन आता आणू कुठून? हळू घे."

सहदेवने वेग कमी केला. त्याने उड्या थांबल्या नाहीत, फक्त लहान आणि नियमित झाल्या. धप, धप, धप. जोगळेकरांना हे बरं वाटलं. दोन कॅन त्यांनी मिठीत घेतले, दोन कॅनवर एकेक पाय रोवला आणि उरलेले दोन पाठीने दाबून धरले. अशा बैठकीत त्यांनी पवई ओलांडली. भांडुपच्या आसपास खिडकीवर पुन्हा टकटक झाली. या वेळी हलक्या हाताने.

"परब, दह्याचा आवाज येतो का रे कधी?"

"नाय काका. दही कशाला आवाज करील?"

"मग हे आत डुबुक डुबुक काय बोलतंय?"

सहदेवने वेग आणखी कमी केला.

हॉलच्या मागच्या अंगणात पहिलं झाकण निघालं. आत पातळ, निळसर ताक होतं आणि त्यावर लोण्याचे गोळे तरंगत होते. दुसऱ्या कॅनमध्ये तेच. सहाव्यापर्यंत तेच. जोगळेकर एका उपड्या पातेल्यावर बसले.

"काका, चूक माझ्या गाडीची आहे. मी सांगतो कर्णिकसाहेबांना."

"काय सांगशील? तुमचं दही वाटेत वारलं?"

तेवढ्यात कर्णिक स्वतःच आले. मुंडावळ्यांची पिशवी हातात, चेहऱ्यावर पहाटेपासूनची धावपळ. त्यांनी कॅनमध्ये डोकावून पाहिलं.

"हे काय आहे?"

"ताक, साहेब," सहदेव खालच्या मानेने म्हणाला. "पण चांगलं आहे."

"मी त्यांना पत्र पाठवलंय हो," एवढंच कर्णिक म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला, की सहदेवला वाटलं, टेम्पो आत्ताच्या आत्ता पवईच्या तलावात लोटून यावा.

त्याला काहीच सुचेना म्हणून त्याने एक वाडगा भरला, त्यात मीठ आणि चिमूटभर वाटलेली मिरची घातली आणि जोगळेकरांपुढे धरला. जोगळेकर प्यायले. मग थांबले. मग उरलेलं एका दमात संपवून उठले.

"आलं किसा. कोथिंबीर बारीक चिरा. बर्फ फोडा. आणि लोणी गार पाण्यात धुऊन घ्या. वडे कोणी भिजवलेत का? नाही ना? मग पंगत बसली, की कढईतून थेट पानात. प्रत्येक पानावर लोण्याचा गोळा."

दुपारी बोरिवलीकरांची पंगत बसली. मे महिन्याची दुपार, डोक्यावरचे पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. जयंतीबाईंनी पानाकडे बघितलं आणि विचारलं, "दहीवडे होते ना?"

कर्णिक वाढायला उभे होते. त्यांनी घाईघाईने मठ्ठ्याचा पेला पुढे सरकवला. स्वयंपाकघराच्या पडद्याआड सहदेव आणि जोगळेकर श्वास रोखून उभे होते. बाईंनी वड्याचा तुकडा लोण्याला लावून तोंडात टाकला, वर मठ्ठ्याचा घोट घेतला.

"हे लोणी आजचं आहे?"

"हो. पहाटेच घुसळलंय," कर्णिक म्हणाले. हे शब्दशः खरं होतं, म्हणून त्यांना थोडा धीर आला.

"एवढ्या मंडळींसाठी? कोणी घुसळलं?"

"आहेत आमची माणसं."

जयंतीबाई नवऱ्याकडे वळल्या. "बघा, याला म्हणतात घराणं. आपण पुडीतलं आणतो." नवरदेवाच्या दोन्ही काकांनी प्रत्येकी पाच-पाच पेले मठ्ठा संपवला आणि सहावा मागितला. कर्णिक हळूहळू ताठ होत गेले. शेवटच्या पंगतीला तर ते आपणहून सांगत होते, की विकतचं लोणी आपल्याकडे चालत नाही.

सहदेव गाडी काढायला लागला तेव्हा जोगळेकर धापा टाकत फाटकाशी आले.

"अठराला भांडुप, बावीसला ठाणे, सव्वीसला पुन्हा मुलुंड. लिहून घे. दही गोरेगावहूनच उचलायचं. हाच रस्ता, हाच वेग."

"आणि तुम्ही मागे बसणार काका?"

"मी टॅक्सीनं येईन."

परतीच्या वाटेवर सहदेव कुर्ल्याला वळला. धोंडिराम त्याचीच वाट बघत होता. जॅक बाहेर काढून ठेवलेला, चेहरा उतरलेला.

"सहदेवा, माझं चुकलं बाबा. स्प्रिंग कापली की आनखी कडक हुती म्हनं, काल एका मेस्त्रीनं सांगितलं. घे गाडी आत, बदलून देतो."

"हात लावू नकोस तिला," सहदेव म्हणाला आणि केळीच्या पानात बांधून आणलेला लोण्याचा गोळा त्याच्या हातावर ठेवून सगळी हकिकत सांगितली.

धोंडिरामने बोट बुडवून चाखलं आणि डोळे मिटले. मग पान बाजूला ठेवून तो गाडीच्या पुढच्या चाकांशी वाकला.

"पुढं बी तसल्याच बसवू काय? थेट तूपच निघंल."