कारल्याची परतफेड

न्हाणीमागच्या दगडावर आज मुंग्यांची रांग साडेचार वीत भरली. काल ती चार वीत होती. मनकर्णानं पुन्हा वीत टाकून पाहिली. साडेचारच!

अकोल्याच्या बशीर हकिमांनी हीच खूण सांगितली होती. "बाई, मुंग्या लागल्या म्हणजे मालकाची लघवी गोड झाली. मधुमेह! हकीम चुकंल, मुंगी झूट नाही बोलत. गूळ बंद, भात बंद. ज्वारीची भाकर, कारलं, आन् जेवल्यावर चालणं. नाहीतर पायाची जखम भरणार नाही. पाय जाईल."

हिवरखेडला परतताना नवऱ्यानं, खुशालरावांनी, बैलगाडीतच बजावलं, "कोणाले सांगू नको! कापसाच्या भावानं लोकायनं बैलाच्या शिंगायले चांदी मढवली, आन् खुशालरावच्या ताटात कारलं? गाव हासंल!"

"शेजारी तरी सांगू द्या. लोक गोडाधोडाचं देतात."

"सांगू सवडीनं."

त्या सवडीला चाळीस दिवस झाले. रोज सांगायचं ठरायचं, रोज राहून जायचं. मनकर्णाची बोटं कारली चिरून हिरवी पडली होती. साऱ्या गावात पुरण शिजत होतं. त्या वर्षी हिवरखेडच्या उंदरांनासुद्धा साजूक तुपाशिवाय घास उतरत नव्हता! आणि तिच्या चुलीवर मात्र कारलं. भरलेलं कारलं, परतलेलं कारलं, ताकातलं कारलं.

एक समाधान होतं. पहिल्या दिवशी घास थुंकणारे खुशालराव आता कारलं मागून घेत. "वाढ अजून! मस्त झालं!" आणि ती विहिरीवरून घागर घेऊन येईपर्यंत जेवण उरकून, उपरणं पांघरून, लंगडत का होईना, फिरायलाही जात. येताना कारल्याची उष्टी वाटीही स्वतः धुऊन आणत. जन्मात ज्यांनी पाण्याचा तांब्या उचलला नाही त्यांनी! मनकर्णानं महादेवाला नारळ बोलला होता.

मग मुंग्या का वाढत होत्या? आणि जखम का भरत नव्हती?

ती वीत टाकून विचार करत होती, तोच शेजारची सत्यभामा कुंपणावरून कडाडली. "मनकर्णाबाई, हात जोडतो तुमाले! आता कारलं पुरे करा व माय!"

"कोणतं कारलं?"

"रोज वाटीभर धाडता ते! तुमचे मालक सोता आणून देतात. म्हणतात, आमच्या मनकर्णीच्या हातचं हाये, चाखून पाहा. पोरं शिवत नाहीत, म्हणून म्हशीले घातलं. आता म्हैस कडू दूध देऊन राहिली!"

"मंग घेता काहून?"

"आलेली वाटी फिरवू कशी? आन् रिकामी परत देता येते काय? आज पुरणपोळी, काल लापशी, परवा लाडू. मालक तिथंच उभ्यानं खातात आन् वाटी धुऊन नेतात. माह्या घरची गुळाची ढेप सरली! पलीकडच्या वच्छलाचीबी सरत आली, तिच्याकडंबी वाटी जाते. ती म्हणे, मनकर्णाबाई घरी गोड करत नाही वाटते, माणूस उपाशी दिसते!"

मनकर्णानं मुंग्यांच्या रांगेकडे पाहिलं. माघारी पाठवलेल्या वाटीत काहीतरी घालावंच लागतं, ही रीत तिनं वीस वर्षं पाळली होती. त्याच रीतीवर नवरा गोड खात होता!

तेवढ्यात खुशालराव फिरून परतले. उपरण्याखाली वाटीएवढा फुगवटा होता. सत्यभामेला पाहून ते जागीच थबकले. मिशीच्या टोकाला पुरणाचा एक कण होता, आणि त्यावर एक मुंगी.

"अवं, मी त पाय मोकळे करून राहिलो..."

मनकर्णा पुढे झाली. तिनं उपरण्याखालची वाटी काढून घेतली. आवाज चढवायची ताकद उरली नव्हती, म्हणून ती सावकाश आणि स्पष्ट बोलली.

"सत्यभामाबाई, यायले मधुमेह झाला हाये. साऱ्या गावाले सांगा. आन् आजपासून माह्या घरची वाटी रिकामीच परत करत जा."