उसन्या सायकलीची चेन

उसनी आणलेली वस्तू आणणाऱ्याच्याच हातात मोडते, हा सृष्टीचा नियम असून त्याला आजवर एकही अपवाद नोंदला गेलेला नाही. (अपवाद नोंदवण्यासाठी एक वही केली होती, ती कोणीतरी उसनी नेली.) मालकाकडे वस्तू वर्षानुवर्षे सुखाने नांदते, आपटली तरी चालते, भिजली तरी चालते, आणि दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकताच प्राण सोडते. जाणकार याला वस्तूची मालकनिष्ठा म्हणतात.

निरीक्षकांचा या नियमावर विश्वास नव्हता. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात अर्धे आयुष्य गेल्यामुळे आपलाही तोल जाऊ शकतो, ही शंका त्यांना कधी शिवली नव्हती. पुढे त्यांचा स्वतःचाच काटा सरकू लागला, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि ते बायकोच्या धाकट्या भावाकडे सायकल मागायला गेले. हा मेहुणा विम्याचे काम करत असे. (हे वाचकाने लक्षात ठेवावे. निरीक्षकांनी ठेवले नाही.)

"न्या की भाऊजी, विचारताय काय! तुमचीच आहे समजा," मेहुणा म्हणाला, आणि निरीक्षक "घाई नाही, सावकाश दे," म्हणत असतानाच त्याने सायकल पुसून, हवा भरून फाटकाबाहेर उभीसुद्धा केली. "गिअरची आहे. चांगले सत्तावीस आहेत. वापरा हवे तेवढे."

वस्तू उसनी देताना एखाद्याचा चेहरा इतका उजळलेला निरीक्षकांनी पूर्वी पाहिला नव्हता. तो उजेड त्यांनी स्वतःबद्दलच्या आदराच्या खाती जमा केला.

येथे सासुरवाडीतील श्रेणीव्यवस्थेचा खुलासा आवश्यक आहे. त्या घराला जावई दोन. धाकट्या जावयांनी सासूबाईंचा मिक्सर उसना नेला आणि पहिल्याच दिवशी त्याचा धूर काढला. नवा आणून दिला, पण तेव्हापासून ते 'हाताचे जड' या श्रेणीत गेले आणि तिथून त्यांची सुटका झाली नाही. थोरले जावई म्हणजे आपले निरीक्षक. त्यांच्या हातून काहीही मोडलेले नव्हते. (त्यांनी काही आणलेलेच नव्हते, ही बाब निवड समितीने विचारात घेतली नाही.) सासूबाई चारचौघांत म्हणत, "आमच्या थोरल्या जावयांच्या हाती काचेचं भांडं द्यावं आणि खुशाल झोपावं." या एका वाक्यावर निरीक्षक सासुरवाडीत ताठ मानेने पहिल्या खुर्चीवर बसत. धाकट्यांना स्टूल होते.

ती खुर्ची दवाखान्यापुढच्या चढावर डळमळली. निरीक्षकांनी गिअर बदलला, पायाखाली काहीतरी 'कट्' म्हणाले, पॅडल एकदम हलके झाले, आणि व्यायामाचा गुण आला असे त्यांना क्षणभर वाटले. मग सायकल मागे जाऊ लागली. खाली पाहतात तो चेन रस्त्यावर मेलेल्या सापासारखी पडलेली.

आपल्या भाषेत 'चेन' हा शब्द तीन खाती सांभाळतो : गळ्यातली, पँटची आणि सायकलची. तिन्ही ठिकाणी ती तुटली की माणूस जागच्या जागी थांबतो, हे त्यातले साम्य. घरी आल्या आल्या निरीक्षक खोल आवाजात म्हणाले, "चेन तुटली." बायकोने आधी त्यांच्या गळ्याकडे पाहिले. ती जागेवर होती. मग तिने दार लावून घेतले आणि ती म्हणाली, "अहो, मग असे रस्त्याने आलात?"

"सायकलची!"

"हात्तिच्या. मग दुकानात नेऊन बसवून आणा."

"आणि तुझ्या भावाला कळलं म्हणजे? तुझी आई येणार आहे रविवारी त्याच्याबरोबर सायकल न्यायला. मिक्सरवाल्याच्या पंगतीत बसू मी?"

बायकोला या प्रश्नाचे गांभीर्य कळले नाही. ती त्या घरात जन्मली होती, जावई नव्हती.

निरीक्षकांनी प्रथम पुरावा नष्ट केला. नष्ट झालेले पुरावे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे पद्धत ठाऊक होती. तुटकी चेन जुन्या पडद्यात गुंडाळून त्यांनी तीन गल्ल्या सोडून कचऱ्याच्या गाडीत टाकली आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत उभे राहिले. नवी चेन घेताना जुनी दाखवावी लागते, हे त्यांना गाडी दिसेनाशी झाल्यावर कळले.

मग त्यांनी लोकमत आजमावले. सायकलच्या चेनविषयी शंभरातल्या चौघांना माहिती असते आणि एकशे नऊ जणांना मत असते. (वरचे नऊ जण वाटेने जाताना थांबलेले.) कार्यालयातला टंकलेखक म्हणाला, चेन नेहमी जड घ्यावी. शेजारचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, चेन नेहमी हलकी घ्यावी, आणि त्यांनी कारणही सांगितले, ते दोन संध्याकाळी चालले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी, चेन घेऊच नये, चालावे, असा तिसरा पंथ काढला. तिघांपैकी कोणाकडेच सायकल नव्हती, त्यामुळे कोणाचेही मत अनुभवाने बिघडलेले नव्हते.

अखेर निरीक्षक एकटेच दुकानात गेले. दुकानदार चाकाच्या तारा आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"चेन हवीय. सत्तावीसची."

"सत्तावीसची?" दुकानदार म्हणाला. "साहेब, गिअर वाढले की चेन बारीक होत जाते. सत्तावीसची म्हणजे गळ्यात घालण्याइतकी बारीक होईल. समोर सराफ आहे बघा."

"सायकलला सत्तावीस गिअर आहेत."

"असतील. जुनी चेन आणलीय?"

"जुनी," निरीक्षक म्हणाले, "सध्या उपलब्ध नाही."

"बरं. मागं चाकं किती?"

प्रश्न पोरकट होता, पण निरीक्षकांनी सरकारी प्रश्नाला द्यावे तसे नेमके उत्तर दिले. "एक. आणि पुढेही एक."

"एकच? मग आधी नाही सांगायचं!" असे म्हणून दुकानदाराने एक दणकट चेन त्यांच्या हातात ठेवली.

घरी आणून लावून पाहिली, तर तिघांच्या बाकावर चौथा नातेवाईक बसावा तशी ती दोन दातेरी चकत्यांच्या मध्ये अडकून बसली. बायको म्हणाली, "ही सायकलची आहे की धक्क्याला बोट बांधायची?" निरीक्षक चेन घेऊन, आणि या खेपेला सायकलही ढकलत, पुन्हा दुकानात गेले.

दुकानदाराने सायकल पाहिली, मग निरीक्षकांकडे पाहिले. "अहो, मी ही चाकं विचारत होतो! मागच्या चाकाच्या पोटाला लागून आहेत ती, दात असलेली. मोजा."

निरीक्षकांनी मोजली. नऊ. पुढे पॅडलपाशी तीन. त्यांच्या मनात शाळेतला पाढा आपोआप सुरू झाला आणि ते मोठ्याने म्हणाले, "नऊ त्रिक सत्तावीस!" आयुष्यात पाढ्याचा इतका उपयोग त्यांना पूर्वी झाला नव्हता.

"म्हणजे नऊची चेन," दुकानदार म्हणाला.

"आणि पुढचे तीन?"

"पुढच्यांना कोण विचारतो? सगळं मागच्यांवरून ठरतं."

(खात्यातल्या बढत्याही याच रीतीने होत, म्हणून निरीक्षकांना हे लगेच पटले.)

आता लांबी. नवी चेन मुद्दाम जास्त लांब येते आणि जुनीइतक्या कड्या ठेवून उरलेल्या काढतात. जुनी नसल्यामुळे दुकानदाराने नवी चेन पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून गुंडाळली, दोन टोके जुळतील तिथे धरली आणि वर दोन कड्या जास्त ठेवून बाकीची तोडली.

"वरच्या दोन अंदाजे?" निरीक्षकांच्या अंगावर काटा आला.

"अंदाज कसला, रीत आहे. नाहीतर चेन ताणून गिअरच मोडेल. पण साहेब, या चकत्यांचे दात बघा, पार झिजलेत. नवी चेन जुन्या दातांवर नांदत नाही. उड्या मारते."

म्हणून मागच्या चकत्या बदलल्या. मागच्या नव्या दिसू लागल्यावर पुढच्या म्हाताऱ्या दिसू लागल्या, म्हणून त्याही बदलल्या. इतके नवे झाल्यावर गिअरच्या तारा गंजक्या ठेवणे निरीक्षकांच्या शिस्तीत बसेना. सायकल अशी चालू लागली की दवाखान्याचा चढ त्यांना उतार वाटला.

आणि इथेच मोठे संकट उभे राहिले. चेन चमकत होती. आंधळ्यालाही दिसेल की ती नवी आहे. नवी आहे म्हणजे जुनी तुटली. तुटली म्हणजे स्टूल.

तेव्हा ज्या गृहस्थांनी खोट्या वजनांवर उभी हयात छापे घातले, त्यांनी शनिवारी दुपारी जिन्याखाली बसून करपलेले तेल, रस्त्यावरची धूळ आणि तव्याची काजळी यांचे मिश्रण जुन्या दात घासायच्या ब्रशने चेनच्या एकेका कडीला फासले. जुना माल नवा म्हणून विकणे हा गुन्हा आहे. नवा माल जुना म्हणून परत करण्याबाबत कायदा गप्प आहे. त्यांनी खात्री करून घेतली होती.

रविवारी मेहुणा आणि सासूबाई आले. सासूबाई खुर्चीवर न बसता थेट जिन्याखाली गेल्या. मेहुण्याने सायकल उलटी केली, पॅडल फिरवले, कान लावून ऐकले, आणि खिशातून पांढरा रुमाल काढून चेनवरून एकदा ओढला. रुमाल काळा झाला आणि चेन आरशासारखी लखलखली.

निरीक्षकांनी डोळे मिटले.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "नऊचीच टाकलीत ना?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे मागच्या खेपेला मावसभावाने आठाची टाकली होती. वर्षभर कुरकुरत होती नुसती. आणि हे काय, दातही बदललेत? आई, बघ बघ! पुढचेसुद्धा!"

निरीक्षकांनी डोळे उघडले. सासूबाई पदराने डोळ्याचा कोपरा पुसत होत्या.

"मी म्हटलं नव्हतं? थोरले जावई काही अर्धवट करायचे नाहीत. याच्या मामांनी नुसती सीट बदलली. धाकट्यांनी टायर घातले, तेही एकच." मग त्या निरीक्षकांकडे वळून मायेने म्हणाल्या, "जावईबापू, आमच्या घरी दुरुस्तीला माणूस बोलवत नाहीत. मागायला येणारा माणूस देव पाठवतो."

"पण... मिक्सर?"

"तो मी दिला तेव्हाच धुरकट वास मारत होता," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर दिला."

आता वाचकाला वाटेल की निरीक्षक संतापले. मुळीच नाही. त्यांना त्यांच्याच घरात पहिल्या खुर्चीवर बसवण्यात आले, धाकट्यांपेक्षा आपण किती सरस मोडतो हे त्यांनी मनातल्या मनात तोलून पाहिले, आणि काटा आपल्या बाजूला झुकलेला पाहून ते तृप्त झाले. मेहुणा जाता जाता, विम्याचा पुढचा हप्ता कोण भरणार हे पाहावे तसा, म्हणाला, "पॅडल जरा ढिलं वाटतंय. तुमच्या शेजारच्या प्राध्यापकांना व्यायामाची हौस आहे का हो?" निरीक्षकांनी लगेच त्यांचे दार दाखवले. सासूबाईंनी पिशवीतून एक इस्त्री काढून पुढे केली. तिची वायर एका जागी किंचित उघडी होती.

"राहू दे तुमच्याकडे थोडे दिवस. तुम्हाला लागेल."

निरीक्षकांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

राहता राहिला तुमचा प्रश्न. हे पुस्तक तुम्ही विकत घेतले असेल, तर क्षमा असावी. (असे वाचक दोघे आहेत, लेखक त्यांना ओळखतो.) बाकीच्यांनी जरा आठवून पाहावे : ज्यांच्याकडून तुम्ही हे आणलेत, त्यांनी देताना आढेवेढे घेतले होते का? की कपाटातून काढून, धूळ झटकून, "न्या की, तुमचंच समजा" असे म्हणून हातात ठेवले? शिवण सैल होती, ती तेव्हापासूनच. पहिले पान मात्र तुमच्या हातात सुटणार आहे.

डिंक चांगला आणा. मागच्या वाचकाने भाताची शिते लावली होती.