उंबरखोरे पॅटर्न

एका जंगलात, बाळांनो, नेट होतं. पण ते फक्त वाघमहाराजांच्या गुहेपाशी होतं. तिथून चार डोंगर ओलांडले की उंबरखोरं लागायचं. तिथे नव्हतं.

जंगलात नेट कसं, असं विचारू नका. जनावरं बोलतात हे तुम्ही मुकाट ऐकून घेता, मग एवढंही घ्या.

महाराजांच्या राज्याभिषेकाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा त्यांना लांबच्या प्रजेची आठवण झाली. प्रत्येक खोऱ्यातल्या शाळेला, वाचनालयाला आणि दवाखान्याला एकेक डोंगल मिळालं. उंबरखोऱ्यातही तीन डोंगलं आली.

शाळा होती बगळे गुरुजींची. ते एका पायावर उभं राहून शिकवत. नेट आल्यावर त्यांनी पोरांना समुद्र दाखवला. एवढं पाणी आणि पिता येत नाही, हे ऐकून पोरं हळहळली.

वाचनालय सांभाळायचे खवलेअण्णा. ते खवल्या मांजर होते आणि वाळवी खायचे. म्हणून त्यांच्याकडची पुस्तकं शाबूत होती. पुस्तकांपेक्षा जास्त गर्दी मात्र अर्ज भरायला असायची. चराईचा परवाना, पाणवठ्याचा परवाना, सगळं आता नेटवरच मिळायचं.

आणि दवाखान्यात साळूताई होत्या. साळिंदर. त्या नर्स असल्यामुळे दवाखान्यात सुयांचा तुटवडा कधी पडला नाही. बाकी सगळ्याचा होता. डॉक्टर तर नव्हतेच. पण नेट आल्यापासून राजधानीतले डॉक्टर धनेश पडद्यावर दिसू लागले. साळूताई विचारायच्या, ते सांगायचे, रोगी बरे व्हायचे.

तिघांचं छान जमायचं. संध्याकाळी ओढ्याकाठी एकत्र चहा व्हायचा.

पुढे राजधानीत अर्थमंत्री तरस यांच्या लक्षात आलं, की लांबची खोरी नेट वापरतात. दिलेली वस्तू लोक खरंच वापरतील, अशी कुणाची कल्पना नव्हती. मंत्री म्हणाले, "याला कुठेतरी मर्यादा हवी." मर्यादा किती असावी हे ठरवायला समिती नेमली. समितीचे भत्ते आणि अभ्यासदौरे वजा जाता जे उरलं, तीच मर्यादा ठरली.

परिपत्रक आलं. यापुढे शाळा, वाचनालय आणि दवाखाना यांना मिळून एकच कोटा. वाटप आपसांत सामंजस्याने करावे.

सामंजस्याने वाटप करायला तिघं ओढ्याकाठी बसले आणि पहिल्यांदाच चहा गार झाला.

"चाळीस पोरं आहेत माझ्याकडे," गुरुजी म्हणाले.

"माझ्याकडे अख्खं खोरं रांगेत उभं असतं," अण्णा म्हणाले.

"माझ्याकडची रांग आडवी असते," साळूताई म्हणाल्या.

शेवटी तीन वाटे झाले. कुणाचाच पुरेना. पंचवीस तारखेपर्यंत दवाखान्याचा वाटा संपून जायचा. मग गुरुजींनी राजधानीला पत्र लिहिलं, की वाचनालयात लोक अर्जाच्या नावाखाली नाचगाणी बघतात. अण्णांनी लिहिलं, की समुद्र एकदा दाखवला तेवढा पुरे. साळूताईंनी दोघांविरुद्ध लिहिलं. चहा बंद झाला. समोरासमोर आले की तिघंही आभाळाकडे बघत.

राजधानीत मात्र आनंद होता. आधी पत्रं यायची, 'आमची मर्यादा वाढवा.' आता यायची, 'शेजाऱ्याची कमी करा.' दुसरी मागणी मान्य करणं सोपं होतं.

असं चाललं असताना एका सव्वीस तारखेला सकाळी गयाबाई रोही दवाखान्यात आली. रोही म्हणजे नीलगाय. तिचा नवरा दौलत तिला टेकू देत आणत होता. बाई अडली होती.

साळूताईंनी तपासलं. वासराचा एक पाय मागे दुमडलेला होता. असली केस त्यांनी आधी कधी हाताळली नव्हती. त्यांनी डॉक्टरांना फोन लावायला डोंगल जोडलं. पडद्यावर अक्षरं आली : 'आपला कोटा संपला आहे. आपला दिवस आनंदात जावो.'

साळूताई धावत शाळेत गेल्या.

शाळेत त्या दिवशी शिष्यवृत्तीची परीक्षा होती. ती नेटवरच द्यायची होती. गुरुजींनी आठवडाभर पोरांना काही दाखवलं नव्हतं, उरलासुरला वाटा आजच्यासाठी राखला होता. पोरं पहिल्या प्रश्नावर होती.

"गुरुजी, डोंगल द्या."

"आज? साळूताई, आज मागू नका. उद्या मागा, सगळं देतो."

"उद्या नको आहे मला. गयाबाई अडलीय. मला एकटीला जमणार नाही."

पहिल्या बाकावर गयाबाईची थोरली मुलगी, तांबी, बसली होती. वर्गात तिच्याइतकी हुशार दुसरी नव्हती. तिने गुरुजींकडे पाहिलं नाही. ती खाली मान घालून खुराने जमीन उकरत राहिली.

गुरुजींनी दुसरा पाय जमिनीवर टेकला. "पोरांनो," ते म्हणाले, "पेपर बंद करा." मग त्यांनी डोंगल चोचीत धरलं आणि उडत दवाखाना गाठला.

डॉक्टर धनेश पडद्यावर आले. "साळूताई, आधी काटे मिटा. घाबरू नका. वासराला किंचित आत लोटा. आता गुडघा सापडतोय का?"

"सापडला."

"खूर तळव्यात झाकून घ्या, आतून लागता कामा नये. आता हळूच पुढे..."

पडदा काळा झाला. शाळेचा वाटाही संपला.

गयाबाई हंबरली. दौलत भिंतीला डोकं टेकून उभा होता. साळूताईंचा पंजा तसाच आत होता. पुढे कुठल्या बाजूला वळवायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

गुरुजी वाचनालयाकडे उडाले. तिथे पाणवठ्याच्या परवान्याचा शेवटचा दिवस होता. रांग दाराबाहेर गेली होती. गुरुजींना पाहताच अण्णांनी तोंड फिरवलं.

"अण्णा, मी तुमच्याविरुद्ध लिहिलं ते खोटं होतं," गुरुजी धापा टाकत म्हणाले. "गयाबाई मरतेय."

अण्णांनी रांगेकडे पाहिलं. "मंडळी, अर्ज आज भरले जाणार नाहीत."

"मग उन्हाळाभर पाणी कुठे प्यायचं आम्ही?" एक म्हातारं सांबर ओरडलं.

"तिकडे बाळंतीण अडलीय."

सांबराने बाजूला सरकून वाट करून दिली. अण्णांना पळता येत नव्हतं. त्यांनी डोंगल पोटाशी धरलं, अंगाचा गोळा केला आणि उतारावरून गडगडत थेट दवाखान्याच्या दारात आले.

डॉक्टर पुन्हा दिसले. अर्ध्या तासात वासरू बाहेर आलं. थोडा वेळ ते हललं नाही. गयाबाईने चाटचाट चाटलं, तेव्हा शिंकलं.

साळूताई भिंतीशी बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. संध्याकाळी ओढ्याकाठी चहा झाला.

तिघांनी मिळून राजधानीला पत्र लिहिलं. झालं ते सगळं खरं लिहिलं, आणि खाली विनंती केली : 'तरी मर्यादा वाढवून मिळावी.'

चौकशीला टिटवे साहेब आले. आपण पाय वर करून झोपतो म्हणून आभाळ खाली पडत नाही, असं मानणारं ते घराणं.

"शाळेचं डोंगल दवाखान्यात वापरलंत?"

"हो."

"बाळंतपण हे शैक्षणिक कार्य आहे का?"

"पोरं खिडकीतून बघत होती," गुरुजी म्हणाले. "बरंच शिकली."

"आणि वाचनालयाचंही तिथेच वापरलंत?"

"हो साहेब," अण्णा म्हणाले. "काय शिक्षा असेल ती मला द्या."

टिटवे साहेबांनी सगळं लिहून घेतलं. तिघांनी शिक्षेची तयारी ठेवली. साळूताईंनी तर पेटीही भरली.

पण शिक्षा झाली नाही. सत्कार झाला.

टिटवे साहेबांनी अहवालात लिहिलं होतं : 'एकाचे डोंगल दुसऱ्यास चालते, असे उंबरखोऱ्याने सिद्ध केले आहे. सबब, तीन डोंगलांची गरज नाही.' तरस मंत्री इतके हसले, की दरबारालाही हसावं लागलं. 'उंबरखोरे पॅटर्न' त्याच दिवशी सगळ्या जंगलाला लागू झाला. खोऱ्यामागे एक डोंगल. कोटा एक तृतीयांश. तिघांना प्रशस्तिपत्रं मंजूर झाली. ती नेटवरून उतरवून घ्यायची होती, म्हणून अजून राजधानीतच आहेत. चाळीस पोरांच्या निकालावर 'गैरहजर' असा शेरा पडला. त्या उन्हाळ्यात खोऱ्यातल्या अर्ध्या जनावरांनी पाणवठ्यावर चोरून पाणी प्यायलं.

महिन्याभराने साळूताईंना एक पत्र आलं. पलीकडच्या करवंदखोऱ्यातल्या नर्सचं होतं. तिने लिहिलं होतं : 'ताई, तुमच्या पॅटर्नमुळे आमच्या दवाखान्याचं डोंगल काढून नेलं. काल एक केस हातची गेली. तुमची तब्येत बरी आहे ना?'

साळूताईंनी पत्र दोघांना वाचून दाखवलं.

"आपण चुकलो का?" गुरुजींनी विचारलं.

"वासरू जगलं," अण्णा म्हणाले.

"जगलं," साळूताई म्हणाल्या. "आपण ते राजधानीला कशाला लिहिलं?"

तात्पर्य : बाळांनो, संकटात शेजाऱ्याच्या मदतीला धावून जाऊ नये. अगदीच राहवलं नाही तर जावं, पण आपलं भागलं, हे सरकारला कळू देऊ नये.