पिंजण्यातून सुटका

पद्माकर साठ्यांना कापूस पिंजायला बसवण्यात आले, कारण त्यांना सूत कातता येत नव्हते. बेंगळुरातल्या जयनगरच्या एका जुन्या वाचनालयात मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सूतकताईचा वर्ग भरे. पहिल्याच दिवशी साठ्यांनी चरख्यावर एकोणीस वेळा धागा तोडला. विसाव्या वेळी वर्ग चालवणाऱ्या सरोजाक्का त्यांच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही स्वल्प बाहेर या. तुमच्या हाताला आधी कापूस कळू दे."

बाहेर म्हणजे मागच्या व्हरांड्यात. पिंजताना तंतू उडतात, म्हणून तिथे एक वेगळा बाक टाकलेला होता. तारेचे बारीक दात बसवलेल्या दोन फळ्या घ्यायच्या, एकीवर कापूस पसरायचा, दुसरीने तो विंचरायचा आणि तंतू सरळ झाले की काडीवर गुंडाळून पेळू करायचा. पेळूशिवाय सूत निघत नाही. पण वर्गातल्या सगळ्यांना सूत काढायचे होते, पेळू मात्र कुणालाच करायचे नव्हते. त्यामुळे ते काम सरोजाक्का एकट्याच करत. आता समोर साठे बसू लागले.

साठे एका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षे त्यांनी बेअरिंगांवर काम केले होते. बायको नयना चार वर्षांपूर्वी गेली आणि घरात मराठी बोलायला कुणी उरले नाही. मुलगा क्षितिज दर रविवारी जर्मनीहून फोन करी, पण सून शेजारी असली की तोही इंग्रजीवर जाई. दूधवाल्याशी कन्नड, लिफ्टमध्ये हिंदी. कधी कधी दाढी करताना साठे आरशाकडे बघून नुसतेच "बरं, मग?" असे म्हणत आणि पुढे काही सुचले नाही की तोंड धूत.

सरोजाक्कांचे घराणे कित्येक पिढ्या बेंगळुरातच होते. त्यांच्या मराठीत निम्मे शब्द कन्नड असत आणि उरलेले निम्मे साठ्यांनी शेवटचे आजीच्या तोंडून ऐकलेले असत. आईवडिलांचे करता करता त्यांचे लग्न राहून गेले होते आणि एखादी बस चुकावी तसे त्या ते सांगत. दोन तास फळ्या घासल्या जात. मधे बोलणे होई, कधी नुसतेच शांत बसणे होई. मंगळवार संपला की साठे शुक्रवारची वाट बघत.

खटकत होते एवढेच, की सरोजाक्कांना रिक्षावाला अण्णा, भाजीवाला अण्णा, वाचनालयाचा शिपाई अण्णा आणि साठेही अण्णा. साठ्यांना त्याचा अर्थ थोरला भाऊ असाच ऐकू येई आणि हातातला पेळू वाकडा होई. स्वतः त्यांनी सरोजाक्कांना एकदाही अक्का म्हटले नव्हते. दुसरे काय म्हणावे ते सुचेना, म्हणून सहा महिने त्यांनी काहीच न म्हणता काढले होते.

एका शुक्रवारी सरोजाक्कांनी फळी खाली ठेवली आणि उजवा खांदा चोळला.

"दुखतोय का?" साठ्यांनी विचारले.

"थोडका धरलाय. पिंजून पिंजून धरतोच की."

पुढचे सगळे या एका वाक्यामुळे झाले. साठे घरी गेले, जेवले नाहीत आणि कागदावर दोन रोलर काढून बसले. दुसऱ्या दिवशी चिकपेटेच्या बाजारात हिंडून त्यांनी दातेरी पट्टा मिळवला. मग पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन शिवाप्पाच्या वर्कशॉपमध्ये रोलर कातायला दिले. शिवाप्पा त्यांना नोकरीपासून ओळखत होता. त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"सार, ये किसके लिए है?"

"कॉटन के लिए."

"कॉटन के लिए इतना बारीक काम? रॉकेट नहीं है ना?"

"अच्छा होना चाहिए," साठे म्हणाले आणि उगाचच लाजले.

तीन आठवड्यांनी पिंजण्याचे यंत्र वर्गात आले. ते व्हरांड्यात मावत नव्हते, म्हणून वाचनकक्षात ठेवले. साठ्यांनी कापूस घातला आणि बटण दाबले. मोटरचा वेग त्यांनी कागदावर बरोबर धरला होता, पण वर फिरणारा पंखा हिशेबात धरायचा राहिला. अर्ध्या मिनिटात खोलीत पांढरे धुके पसरले. कातणाऱ्या बायका पदर नाकाला लावून बाहेर पळाल्या. कोपऱ्यात पेपर वाचणारे मालोजीराव तेवढे जागचे हलले नाहीत. आदल्याच दिवशी केस काळे केलेले मालोजीराव धुके खाली बसल्यावर वीस वर्षांनी म्हातारे होऊन बाहेर आले. शेजारच्या बंगल्यातल्या माणसाने धूर समजून भिंतीवरून दोन बादल्या पाणी खिडकीत टाकले. हवेत होता तो कापूस आता भिंतींना चिकटला.

सगळ्यांना कुठेतरी तोंड लपवावेसे वाटत होते, साठ्यांना सर्वात जास्त. सरोजाक्का मात्र झाडू घेऊन आल्या आणि भिंत खरवडता खरवडता म्हणाल्या, "घरात कुणाचं लग्न निघालं की चुना काढतात, तसं वाटायलंय." साठ्यांनी ते वाक्य घरी नेले आणि पुष्कळ दिवस पुरवले.

आता माघार शक्य नव्हती. त्यांनी वेग निम्मा केला, वर झाकण बसवले, पट्टा बदलला. यंत्रावर त्यांनी एक तक्ताही चिकटवला. त्यात काय बिघडले तर काय करावे, ते आकृत्यांसह लिहिलेले होते. पुढच्या मंगळवारी बटण दाबले आणि यंत्र मांजरासारखे गुरगुरत चालले. चाळीस मिनिटांत महिनाभराचे पेळू तयार झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालोजीरावांनीही वाजवल्या, पण लांबून.

"सरी, चांगलं झालं अण्णा," सरोजाक्का म्हणाल्या. "माझ्या खांद्याला मोठा आराम केलात बघा. आणि तुमचीपण पिंजण्यातून सुटका झाली."

साठे हसत होते. हे वाक्य पुरते कळायला त्यांना शुक्रवार उजाडला. शुक्रवारी व्हरांड्यातला बाक उचलून ठेवलेला होता. साठ्यांना वर्गात चरखा मिळाला होता. एका बाजूला मालोजीराव, दुसऱ्या बाजूला केतकी नावाची सॉफ्टवेअरमधली मुलगी. सरोजाक्का खोलीच्या दुसऱ्या टोकाला नवीन बायकांना शिकवत होत्या. दोन तासांत त्या साठ्यांशी एकच वाक्य बोलल्या, "धागा तुटला की जोडायचा, बघत बसायचं नाही."

साठ्यांनी तीन आठवडे सहन केले. चौथ्या मंगळवारी ते अर्धा तास आधी आले आणि कुणी नाही असे पाहून त्यांनी यंत्रातला मोटर आणि रोलर जोडणारा पट्टा सैल केला. चौतीस वर्षांत त्यांनी चालते यंत्र कधी बिघडवले नव्हते.

वर्ग भरला. मोटर फिरली, रोलर फिरेना. साठे चरखा बाजूला सारून उठणार, तोच केतकी यंत्रापाशी पोचली. तिने तक्ता वाचला, पाना घेतला आणि चार मिनिटांत पट्टा ताणून बसवला.

"काका, तुमचं डॉक्युमेंटेशन काय भारी आहे हो," ती म्हणाली. "माझ्या ऑफिसात कुणाला इतकं स्वच्छ लिहिता येत नाही."

साठ्यांनी मान हलवली आणि धागा तोडला.

पुढच्या शुक्रवारी सरोजाक्का एक पोते घेऊन आल्या. रिक्षावाल्याने ते पायरीपाशी उतरवले. आत चित्रदुर्गाकडची मेंढीची लोकर होती. काळी, राठ, काड्या-कुसळांनी भरलेली. घोंगडीसाठी सूत काढायचा त्यांचा विचार होता.

"जरा बघून सांगा," त्या म्हणाल्या. "ही तुमच्या मशीनमध्ये चालेल का?"

साठ्यांनी मूठभर लोकर हातात घेतली. दोन रोलरमधले अंतर पान्याने दोन आटे वाढवले की काम भागत होते. ते मोजायचीही गरज नव्हती, बोटांना कळत होते. त्यांनी यंत्राकडे पाहिले, केतकीकडे पाहिले आणि घसा साफ केला.

"नाही चालणार. लोकरीचा तंतू कुरळा असतो. त्याने रोलरवर, म्हणजे, अवाजवी ताण येतो. बेअरिंग जाईल." मग ते म्हणाले, "ही हातानेच करावी लागेल."

बेअरिंगांबद्दल ते आयुष्यात पहिल्यांदाच खोटे बोलले होते.

"मला वाटलंच," सरोजाक्का म्हणाल्या. त्यांनी शिपायाला हाक मारून बाक पुन्हा व्हरांड्यात मांडायला सांगितला.

दोघे समोरासमोर बसले. लोकर कापसासारखी ऐकत नव्हती. फळ्या अडकत होत्या, कुसळे एकेक करून वेचावी लागत होती. अर्ध्या तासात मूठभरसुद्धा झाली नाही. साठे इतक्या आनंदात होते की बोटाला दात लागल्याचेही त्यांना कळले नाही.

"काल मी नि केतकीनं कपाट लावायला वाचनालय उघडलं होतं," सरोजाक्का फळीवरून नजर न काढता म्हणाल्या. "तेव्हा घरून आणलेली ही लोकर दोन मुठी मशीनमध्ये घालून बघितली. तिनं पान्यानं कायतरी फिरवलं. रेशमासारखी निघाली."

साठ्यांच्या हातातली फळी थांबली.

"हात थांबवू नका, पद्माकर," सरोजाक्का म्हणाल्या. "अजून चार पोती यायची हायत."