काटा न शिरणारा खण

एका जंगलात, बाळांनो, एक साळिंदर सुतारकाम शिकत होतं. नाव काटेराव. त्याचं वय शिकवण्याचं होतं. पण त्याला कोणी काही विचारत नसे, म्हणून तो शिकत होता.

त्याचे गुरू ठोकेमिस्त्री, म्हणजे सुतारपक्षी. त्यांनी आधी फळ्या घासायला लावल्या, मग रंधा मारायला, मग पुन्हा घासायला. घासून झालं की काटेराव फळीवर गाल टेकवून पाही. फळीचं कुसळ गालाला लागत नसे, पण त्याचे काटे फळीला लागून ओरखडे उठत. मग तो पुन्हा घासायला बसे.

शेवटी त्याला एक कपाट मिळालं. खारूबाईचं, पावसाळ्याचे दाणे ठेवायला.

"खणाच्या बाजूने तुझा एक काटा सरकेल एवढी फट ठेव," मिस्त्री म्हणाले. "पावसात लाकूड फुगतं."

मिस्त्रींची नजर गेली, असं काटेरावाला वाटलं. त्याने खण असा बसवला की मुंगीचा पाय शिरेना.

"कसा झालाय?"

"आषाढात सांगतो," मिस्त्री म्हणाले.

आषाढात खण उघडेना. खारूबाईची पोरं कपाटाला नाक लावून उपाशी बसली.

"भावजी, दाणे माझे, कपाट माझं आणि उपाशीही आम्हीच?"

"पण वहिनी, बसलाय किती चोख," काटेराव म्हणाला आणि लाजला. त्याने खणाच्या कडेला काटा खुपसून पाहिला. काटा मोडला.

मिस्त्रींनी चोचीने मागची फळी फोडली. पोरं जेवली.

"उद्यापासून घासायला," मिस्त्री काटेरावाला म्हणाले.

खारूबाई तडक सिंहाच्या दरबारात गेली. कोल्हे दिवाणजींनी तिची तक्रार मन लावून ऐकली.

"ओढूनही उघडत नाही?"

"नाही."

"आणि उन्हाळ्यात?"

"उघडतो."

"हरकत नाही. उन्हाळ्यात दरबाराला सुट्टी असते."

दुसऱ्या दिवशी काटेराव राजसुतार झाला. दरबारात त्याच्या हातचं तक्रारींचं कपाट उभं राहिलं. कागद आत टाकायला वर एक चीर तेवढी ठेवली. पहिला कागद पडला तो खारूबाईचा, काटेरावाविरुद्ध.

काटेरावाला राहवेना. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचावं, कबूल करावं, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने खण ओढला. उघडला नाही.

त्याला जरा बरं वाटलं.

तात्पर्य: फट ठेवणारा जन्मभर मिस्त्रीच राहतो, न ठेवणारा राजसुतार होतो. घरचं कपाट मात्र मिस्त्रीकडूनच करून घ्यावं. काटेरावानेही तेच केलं.