द्राक्षांवर दोन राहीबाई

“आवं मालक, लेकीचं दिवस भरल्यात. मला तिच्याकडं इट्याला जायाच पायजे,” राहीबाईनं सांगितलं, आणि भाऊसोंचा चहा बशीतच राहिला.

तासगावच्या शिवारातली भाऊसोंची ही पहिलीच द्राक्षबाग. घड गोडीला आलेले, पाखरं टपून बसलेली. बागेची राखण म्हणजे राहीबाईची गोफण आणि त्याहून तिचा आवाज! “मुडद्यांनो, बाप लावून गेलाय काय?” अशी तिची हाळी उठली की साळुंक्या शीव ओलांडून जायच्या. पण लेकीची सासू अंथरुणाला खिळलेली. आईशिवाय तिला कोण होतं? आणि राहीबाईशिवाय भाऊसोंना तरी कोण होतं?

भाऊसोंना टेपचं सुचलं. दुसऱ्याच दिवशी राहीबाई आणि पाटीभर द्राक्षं घेऊन ते एस.टी.नं सांगलीला पोचले.

तिथला मधुकर नाटकांना आवाज पुरवायचा. ढगांचा गडगडाट, घोड्यांच्या टापा, काय म्हणाल ते. त्यानं तीन मशीनं मांडली. पहिलं मशीन फीत संपली की गप्प बसायचं. दुसऱ्यात फितीची टोकं चिकटवून माळ केली, की तेच तेच अखंड वाजायचं.

“ह्येच द्या!” भाऊसो म्हणाले.

“तेच तेच ऐकून पाखरं दोन दिवसांत पाठ करतील, भाऊसो. हे तिसरं बघा, मीच जोडलंय. एका पेटीत दोन माळा, प्रत्येकीच्या वेगाचं बटण वेगळं. एक पळवा, एक रांगवा. आत्ता ऐकलं तसं पुन्हा लवकर जुळायचं नाही.”

“ह्ये बटान फिरीवलं तर ती न्हाई हलायची?”

“मुळीच नाही.”

“आन् त्ये फिरीवलं तर ही?”

“नाही हो!”

भाऊसोंनी पायातल्या वहाणा काढल्या आणि पेटीला हात लावून तो कपाळाला लावला.

आता आवाज भरायचा. राहीबाई पदर सावरून लाजत पुटपुटली, “हा... हुर्र...” चार वेळा तेच. मधुकर कंटाळला. “बरं, तोवर द्राक्षं तरी चाखू,” म्हणत त्यानं पाटीत हात घातला.

“मुडद्यांनो, बाप लावून गेलाय काय?”

कपाटाच्या काचा थरथरल्या. मधुकर द्राक्ष गिळायचं विसरला, पण मशीन तेवढं चालू होतं.

मग दोन राहीबाई एकदम बोलल्या. एक चिमणीसारखी भरभर, दुसरी डोंगराआडच्या राक्षसासारखी घोगरी, संथ. खरी राहीबाई मटकन खाली बसली. “आगं बया! माजा येवढा जीव ह्या पेटीत? म्हंजी मी नसले तरी मी हायच की!” तिनं डोळे पुसले आणि समाधानानं विट्याची गाडी धरली.

भाऊसोंनी पेटी बागेत बाजेवर ठेवली, मोटरीच्या खोपीतून वायर ओढली. पहिल्याच दिवशी पाखरं गेली ती गेलीच. तिसऱ्या दिवशी शेजारचा नाथाजी ऐकायला आला. चौथ्या दिवशी त्यानं लोणंदचे पाव्हणे आणले. मग काय, रीघच लागली! भाऊसो बागेकडं पाठ करून समजावायचे, “ही बारकी राहीबाई, ही थोरली. दोघींचा एकमेकीशी संबंद न्हाई!”

“अरारारा! काय डोस्कं म्हनायचं गड्या!” माणसं तोंड उघडं टाकून ऐकायची. उघडं तोंड किती वेळ रिकामं राहणार? घडांचा मांडव डोक्यावरच होता.

दहाव्या दिवशी नातवाचे पेढे घेऊन राहीबाई आली. बागेत एक पाखरू नव्हतं. मांडवाखाली तीन गावं बसली होती, हात वर आणि तोंडं चालू.

“मुडद्यांनो, बाप लावून गेलाय काय?” तिनं बांधावरूनच हाळी दिली.

कुणी मान वळवली नाही. “आज आवाज लय साफ येतोय,” नाथाजी बी थुंकत म्हणाला.

“थांबा, थोरलीला आनकी सावकाश करतो,” म्हणत भाऊसोंनी बटण पिळलं. एक आवाज मात्र होता तसाच. दुसरं पिळलं. तरी तेच. घाबरून त्यांनी वायरच उपटली.

“बाप लावून गेलाय काय?” आवाज आणखी जवळ आला.

“पेटी बिनईजंची बी चालती!” सगळ्या मांडवानं हात जोडले.

हात भाऊसोंनीही जोडले, पण त्यांनी मागं वळून बघितलं होतं. राहीबाई गोफण खांद्यावर टाकून मांडवाकडं बघत उभी होती. वर पानंच पानं. तिनं पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातावर ठेवला.

“पाखरं बरी हुती, मालक,” ती हळूच म्हणाली. “पोट भरलं की उठायची.”